सल्ला हवा आहे : ४० हजारांत नाटकाच्या ग्रुपसाठी लाइट्स आणि बोर्ड

पडद्यामागची
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमचा दहा-बारा जणांचा हौशी ग्रुप आहे. वर्षाला तीन-चार प्रयोग होतात, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी सुदर्शन रंगमंचावर. लाइट्स दरवेळी भाड्याने येतात, तेही प्रयोगाच्या दिवशी दुपारी. त्यामुळे ऑपरेटरबरोबर क्यू (कुठल्या क्षणी कुठला लाइट बदलायचा ते) कधी नीट बसतच नाहीत. यंदा ठरवलंय, थोडे स्वतःचे घ्यायचे. ४० हजार जमलेत. दुकानदार दोन मूव्हिंग हेड (स्वतः वळणारे लाइट), चार एलईडी पार (डब्यासारखे रंगीत लाइट) आणि १९२ चॅनलचा बोर्ड, म्हणजे लाइट्स चालवायचं सरकत्या बटणांचं (फेडरचं) पॅनेल, घ्या म्हणतो.

बोर्ड मीच चालवणार आहे, पण माझी सुरुवात अगदी शून्यापासून आहे. मागे एका मित्राचे चार पार आणून जोडले. प्रत्येक लाइटवर जो नंबर, म्हणजे पत्ता, लावावा लागतो तो १, २, ३, ४ असा दिला. पहिल्या पारवर लाल आणि निळा वाढवून जांभळा केला, तर शेजारचा आपोआप हिरवागार पेटला! पार बिघडलाय की माझं चुकतंय?

दिवेलागण
ताई, पार ठणठणीत आहे. घोळ पत्त्यांचा आहे.

डीएमएक्समध्ये, म्हणजे लाइट्सना हुकूम पाठवायच्या पद्धतीत, बोर्ड एका तारेवरून ५१२ आकड्यांची रांग सतत पाठवत असतो, सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. रांगेतली एकेक जागा म्हणजे एक चॅनल. रांग सगळ्याच लाइट्सना ऐकू जाते. कुणी कुठून ऐकायला सुरुवात करायची, ते पत्ता सांगतो. तुमचा पार ८ चॅनलचा असणार: पहिलं चॅनल एकूण प्रकाश, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, पुढे स्ट्रोब (झपझप उघडझाप) वगैरे. पत्ता १ असलेला पार १ ते ८ ऐकतो. पत्ता २ असलेला २ ते ९ ऐकतो. म्हणजे पहिल्याचा लाल (चॅनल २) हा दुसऱ्याचा एकूण प्रकाश झाला, आणि पहिल्याचा निळा (चॅनल ४) हा दुसऱ्याचा हिरवा. म्हणून तो हिरवा पेटला. तिसऱ्याचा एकूण प्रकाश म्हणजे पहिल्याचा हिरवा, तो शून्यावर होता, म्हणून तिसरा गप्प.

१९२ च्या बोर्डावर पत्ते १, १७, ३३, ४९ असे द्या. तो बोर्ड १२ लाइट्स धरतो आणि प्रत्येकासाठी १६ चॅनल राखून ठेवतो. ८ चॅनलच्या पारला १, ९, १७, २५ दिले तरी भांडण होणार नाही, पण मग दुसरा पार पहिल्याच्याच बटणाखाली, दुसऱ्या पानावर जाऊन बसतो आणि अंधारात शोधत बसावं लागतं.

जुन्या पारला छोट्या पडद्याऐवजी डिप स्विच (बारीक खटक्यांची रांग) असतील तर बेरीज करायची: खटक्यांच्या किमती ओळीने १, २, ४, ८, १६... अशा २५६ पर्यंत. १७ हवे असतील तर १६ आणि १ वर, म्हणजे पाचवा आणि पहिला स्विच.

तिसरी घंटा
मूव्हिंग हेड अजिबात घेऊ नका, हे कळकळीने सांगतोय. एकेक हेड दहा-बारा चॅनल खातं, पंख्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि तुमच्या नाटकात माणसं बोलत असतात. ऑर्केस्ट्राला ठीक आहे.

तुम्हाला चेहरे दिसायला हवेत. नुसत्या लाल-हिरव्या-निळ्यातून बनवलेल्या पांढऱ्यात माणूस आजारी दिसतो. म्हणून समोरून दोन-चार वॉर्म व्हाइट एलईडी घ्या, ३२०० केल्विनच्या आसपासचे. जुन्या हॅलोजनचा रंग तोच. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशांतून आणि डोक्याच्या वरून. ही पद्धत येलला शिकवणाऱ्या स्टॅनले मॅककँडलेस यांनी रुजवली. लहान रंगमंचाला आजही तिच्याहून भरवशाचं काही मला सापडलेलं नाही. रंगीत पार मागून आणि बाजूने ठेवा.

दुकानात एक गोष्ट नक्की करा. लाइट पूर्ण पेटवून बघू नका, विझवून बघा. फेडर अगदी सावकाश खाली आणा आणि शेवटच्या दहा टक्क्यांत भिंतीकडे बघा. स्वस्त एलईडी तिथे पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि मग एकदम पडतो. हॅलोजनची तार विझताना आधी पिवळी, मग केशरी, मग निखाऱ्यासारखी लाल होत जाते, आणि प्रेक्षकाला तो शेवट कळत-कळत मिळतो. एलईडीत ते आपोआप होत नाही, निदान सलग तरी उतरला पाहिजे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटही करा, लुकलुक तिथेच पकडली जाते.

दिवेलागण
+१. आणि पारवर '५४ बाय ३' (३ वॉटचे ५४ एलईडी) लिहिलंय म्हणून १६२ वॉट धरू नका, पाठीवरची पट्टी वाचा. खरा वापर बहुतेक वेळा कमी असतो.

काळोख_सेकंद_चार
केबलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या एका एकांकिकेचा शेवट असा होता: बाई खाटेच्या कडेला पत्र हातात धरून बसलेली, सावकाश काळोख, आणि काळोखात फक्त पत्र फाडल्याचा आवाज. प्रयोगात काळोख झाला आणि मागचे दोन पार निळे लुकलुकायला लागले. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. ती मुलगी तशीच बसून राहिली, तिने पत्र फाडलंही, पण आवाज कुणी ऐकला नाही. दोन महिन्यांची तालीम तिथे गेली. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

कारण साधं होतं. साउंडवाल्याकडची चाळीस मीटर माइक केबल आम्ही डीएमएक्सला वापरली होती. टोकं सारखीच असतात, तीन पिनांची, त्यामुळे ती बसते. पण डीएमएक्सला साधारण १२० ओहमची केबल लागते. शिवाय शेवटच्या लाइटवर टर्मिनेटर (तारेचं टोक बंद करणारा रेझिस्टर) नव्हता. मग सिग्नल टोकाला आपटून उलटा येतो आणि लाइट भलतेच आकडे वाचतो. तालमीत छोट्या केबलवर सगळं व्यवस्थित चाललं होतं, हाच तर फसवा भाग.

टर्मिनेटर घरी करता येतो: तीन पिनांचं एक मेल कनेक्टर, आणि २ व ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन्ही मिळतं. जोडणी एका लाइटमधून पुढच्यात अशी साखळीनेच करा. वाय केबलने फाटे फोडू नका, फाटा हवाच असेल तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारी पेटी) घ्या.

पडद्यामागची
वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही माइक केबलच होती.

आणखी एक. हॉलमध्ये जुने १००० वॉटचे चार हॅलोजन पार आणि एक डिमर पडून आहे. ते वापरू का? आणि एलईडी त्याच डिमरला लावले तर बोर्ड वाचेल का?

दिवेलागण
एलईडी डिमरला कधीही लावू नका. डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो, सेकंदाला १०० वेळा. तारेच्या दिव्याला ते चालतं, एलईडीच्या आतला सप्लाय मात्र त्यात जळू शकतो. एलईडीला थेट २३० व्होल्ट द्या, मंद-प्रखर डीएमएक्सने करा.

हॅलोजन जरूर वापरा, पण हिशोब करून. एक पार सव्वाचार अँपिअरच्या वर खातो. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन चालतील, चौथ्याने भार १५ च्या वर जाईल आणि एमसीबी पडू शकतो, आणि पडला तर नेमका चारही पूर्ण पेटवाल त्या प्रवेशात. दोन वेगळ्या सर्किटवर वाटा. जिलेटिन (रंगाचा पारदर्शक कागद) काचेला चिकटू देऊ नका. आणि वर टांगाल त्या प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन हवीच, खाली माणसं उभी असतात.

तिसरी घंटा
बोर्डाचे पैसेही वाचवता येतील. क्यूएलसी प्लस नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस (लॅपटॉप आणि डीएमएक्सची तार जोडणारी डबी) घ्या. ज्याची स्वतःची चिप सिग्नलची वेळ सांभाळते असा इंटरफेस बघा, अगदी स्वस्त असतात ते लॅपटॉपच्या भरवशावर चालतात आणि मध्येच अडखळतात. नाटकाला क्यूची यादी लागते: 'क्यू १२, सहा सेकंदांत उतर'. ती तिथे सरळ बनते. १९२ वर सीन साठवता येतात, पण दर क्यूला वेगळी फेडची वेळ देणं जिकिरीचं होतं.

पडद्यामागची
रविवारी करून पाहिलं. पत्ते १, ९, १७, २५ दिले, कारण आता लॅपटॉपवर आहे. टर्मिनेटर स्वतः डाग देऊन केला. वॉर्म व्हाइट दोन, पार चार, केबल आणि स्टँड, एवढंच घेतोय. मूव्हिंग हेड रद्द. आमच्या नायिकेला सांगितलं नव्हतं, सरळ आठ सेकंदांचा फेड दिला. ती वाक्य संपवून उभी होती ती अंधार पूर्ण होईपर्यंत हललीच नाही. मग म्हणाली, "ताई, मला अजून दोन सेकंद दे." क्यू २३ आता दहा सेकंदांचा आहे.