‘ओव्हरस्टेबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (खारघर)
डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी डिस्क फेकून खेळायचा गोल्फ. त्यातल्या ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कवर, मराठीत लिहितेय. आमच्याकडे नव्याने येणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, त्यांच्यासाठी. ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर, ‘ओव्हरस्टेबल’ म्हणजे अतिस्थिर, ‘अंडरस्टेबल’ म्हणजे अल्पस्थिर असं लिहून पाहिलं, पण मनाला पटत नाही. इनोव्हा कंपनीच्या फायरबर्ड आणि थंडरबर्ड या दोन्ही डिस्कवर वेगाचा आकडा ९. मग बॅगेत कुठली घ्यायची, हे माझं लिखाण वाचून त्यांना ठरवता यायला हवं.

उत्तर (ठाणे, पाचपाखाडी)
ताई, ‘अतिस्थिर’ कृपया नको. वाचणाऱ्याला वाटणार, ही डिस्क डळमळत नाही, म्हणजे नवशिक्याला हीच बरी. खरं तर नवशिक्याच्या हातात तीच सर्वांत आधी खाली येते. खेळात ‘स्टेबिलिटी’ सांगते डिस्क कुठल्या बाजूला जाणार ते. ती किती पक्की उडते हे नाही.

डिस्कवरचे चार आकडे बघा: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असताना फेडच्या उलट बाजूला कलणं, आकडा जितका उणे तितकं जास्त), फेड (वेग सरल्यावर एका बाजूला जाणं). फायरबर्ड ९, ३, ०, ४. थंडरबर्ड ९, ५, ०, २. वेग तोच, टर्न तोच. फरक आहे तो तरंगण्यात आणि शेवटच्या टप्प्यात. उजव्या हाताने बॅकहँड टाकलीत तर दोन्ही शेवटी डावीकडे जातात. थंडरबर्ड लांब तरंगून हलकेच वळते, फायरबर्ड वेग सरला की डावीकडे मुसंडी मारते. मी टर्नला ‘कल’ म्हणतो आणि फेडला ‘ओढ’. पतंगाला ओढ असते ना, तशीच. मग ओव्हरस्टेबल म्हणजे ‘ओढीची डिस्क’, अंडरस्टेबल म्हणजे ‘कलणारी’. सायडवाइंडर ९, ५, -३, १ आहे, म्हणजे ती सरळसरळ कलणारी.

उत्तर (नेरुळ)
‘ओढ’ छान आहे. नेमकं सांगायचं तर ‘डावओढी’ म्हणावं का?

उत्तर (वाशी)
नको! मी डावखुरी आहे. माझ्या बॅकहँडला तीच डिस्क उजवीकडे ओढते. उजव्या हाताने फोरहँड टाकणाऱ्याचंही तेच, कारण डिस्क उलटी फिरते. शब्दात दिशा घातली की निम्म्या वेळा तो खोटा ठरेल. नुसतं ‘ओढ’ ठेवा, दिशा वाक्यात सांगा.

आणि वाऱ्याबद्दलही लिहा. इथे खाडीकडून वारा अंगावर येत असला की कलणारी डिस्क आणखी कलते, ओढीची मात्र टिकते. पाठीमागून वारा असेल तर उलट, सगळ्याच डिस्क जास्त ओढतात. फायरबर्डचं खरं काम समोरच्या वाऱ्यातलं. ज्याचा हात अजून तयार नाही, त्याने थंडरबर्डही थांबवावी आणि ६ वेगाची लेपर्ड घ्यावी.

उत्तर (ठाणे, पाचपाखाडी)
वाशीच्या ताईंचं अगदी बरोबर. एक भर घालतो. रेथ ११, ५, -१, ३ आणि डिस्ट्रॉयर १२, ५, -१, ३, ही जवळजवळ जुळी. दोन्ही बाळगणाऱ्याला विचारा, कुठला फटका एकीनेच जमतो? उत्तर आलं नाही तर एक घरी ठेवावी. त्यापेक्षा एकाच साच्याची एक नवी आणि एक रुळलेली ठेवा. झाडांवर आपटून आपटून, विशेषतः साध्या प्लॅस्टिकची डिस्क, ओढ सोडते आणि कलू लागते. ‘बीट-इन’ला आमच्याकडे ‘रुळलेली’ म्हणतात, चपलेसारखं.

प्रश्नकर्ती (खारघर)
सगळ्यांचे आभार. असं लिहितेय: ‘ओढ: वेग सरल्यावर डिस्क ज्या जोराने एका बाजूला जाते तो जोर. उजव्या हाताच्या बॅकहँडला डावीकडे, डाव्या हाताच्या बॅकहँडला उजवीकडे.’ ‘कल’ही घेतला, ‘रुळलेली’ तर नक्कीच. ग्लाइडला ‘तरंग’ म्हटलं तर पाण्यावरचा तरंग डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘तरंगणं’ असं क्रियापदच वापरते. वेगाला वेगच.