ठेवणीतलं की जुनेर? जुना कपडा घेताना कोणता शब्द कशासाठी

कापडचोपड (सातारा): आजीचं लुगडं, वडिलांचा जुना शर्ट मुलंमुली हल्ली हौसेनं घालतात. खण आळीत नवं घेण्यापेक्षा स्वस्तही पडतं. पण ‘व्हिंटेज’ला कोणी ‘जुनेर’ लिहितं, कोणी ‘जुनाट’. बरोबर काय?

सुईदोरा (मिरज): दोन्ही नकोत. जुनेर म्हणजे वापरून मऊ पडलेलं, वाकळेत घालायचं नाहीतर बाळाच्या दुपट्याला काढायचं कापड. ‘जुनाट’मध्ये नापसंती आहे. लग्नाकार्यापुरतं नेसून पुन्हा घडी करून ठेवलेलं ते ‘ठेवणीतलं’. व्हिंटेजला हाच शब्द चपखल, कारण त्यात वयाबरोबर निगाही येते. ठेवणीतल्याला कधी पाणीच लागलं नसेल तर ते ‘कोरं’. कोरं सुती कापड बेतण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सोबत अस्तरही. नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं आटत नाही आणि शिवणीवर चुण्या पडतात.

कापडचोपड: ‘विटलेलं’ आणि ‘विरलेलं’ एकच ना?

सुईदोरा: अजिबात नाही. विटतो तो रंग, विरतं ते सूत, उसवते ती शिवण. घ्यायचं की नाही ते यावरच ठरवा. उसवलेलं बिनधास्त घ्या, अर्ध्या तासाचं काम. एकसारखं विटलेलं अंगावर छानच दिसतं. घडीच्या रेषांवर पट्टे पडलेत ते मात्र झाकले जात नाहीत. विरलेलं शिवून घालायला नको. रफूलासुद्धा भोवतीचं सूत धड लागतं, नाहीतर टाका भरला की त्याच्या कडेनंच नवी चीर जाते. कापड उजेडाकडे धरा, विरलं असेल तिथं जाळी दिसते. मग दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून हलका ताण द्या. सूत सरकलं की परत ठेवा. आधी काख बघा, मग घड्या: घामानं रेशीम काखेत आधी जातं, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेला जरीकाठ तिथंच चिरतो.

इरकल (सांगली): इरकलीत, म्हणजे इलकलच्या हातमागाच्या साडीत, आणखी एक जागा बघायची. अंग सुती आणि पदर रेशमी असेल, तर दोघांचे ताणे (उभे धागे) कोंडी घालून, म्हणजे एकमेकांत फास अडकवून, जोडलेले असतात. त्या जोडाच्या दोन्ही बाजू उजेडात धरा. लाल टोपे (दातेरी नक्षीच्या) पदराचा रंगही तपासा: पांढरा ओला सुती बोळा आतल्या बाजूनं मिनिटभर दाबून ठेवा. बोळा गुलाबी झाला तर घरी धुवायचं धाडस नको, ड्रायक्लीनला द्या.

कापडचोपड: लुगडं मधेच विरलं असेल, बाकी ठणठणीत?

इरकल: त्यासाठी आपल्याकडे शब्दही आहे आणि रीतही: दांड घालणे. विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं काठाला काठ जुळवून जोडायची. कडा आत दुमडून दुहेरी चपटी शिवण घाला, साध्या शिवणीला सुतं सुटतात. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, सहावारीला साडेपाच पुरतात. म्हणजे पावणेतीन मीटरपर्यंत कापलं तरी नेसायला होतं. फक्त पदराच्या टोकापासून साडेचार मीटर अखंड हवं. मग जोड कमरेच्या पहिल्या फेऱ्यात आत जातो. निऱ्यांत आला तर त्या एकसारख्या पडत नाहीत.

कापडचोपड: आणि शिवलेल्या कपड्यांत ‘माया’ म्हणतात ती?

सुईदोरा: शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. जुन्या ब्लाउजात ती सढळ असते आणि खरी किंमत तिचीच. दोन्ही बगलांच्या मिळून चार कडा, प्रत्येकीतून अर्धा इंच सोडला की घेर दोन इंच वाढतो. पण आधी थोडी शिवण उसवून बघा: माया आत राहिल्यानं तिचा रंग गडद असतो आणि बाहेर आली की पट्टा दिसतो. रेशमात सुईची जुनी भोकंही राहतात. सुतीत धुतल्यावर बरीचशी बुजतात.

शर्टाचं माप अंगाला लावून घेऊ नका. जमिनीवर सपाट पसरून काखेखाली मोजा, दुप्पट करा. ते छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त हवं. बाही, लांबी, कंबर कोणताही टेलर कमी करून देईल. खांदा मात्र पहिल्यापासून नीट बसायला हवा, कारण तो बदलायचा तर बाह्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात आणि मजुरी शर्टाच्या किमतीवर जाते.


इरकल: जरीवर अत्तर आणि डांबराच्या गोळ्या नकोत, जर काळवंडते. मलमलच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.