आमचे अण्णा भागिले अडीचशे

माणदेशी
काल इथे एका पीएचडीवाल्या ताईंनी आपल्या विषयावर लिहिलं, ‘आरोग्य धोरणातला न्याय आणि अर्थशास्त्र’. हिशेब असा: आठवड्याला दोन डायलिसिस म्हणजे वर्षाला १०४. एकाचे समजा हजार रुपये धरले तर १,०४,०००. आशाताई नवजात बाळाच्या घरी सहा फेऱ्या मारते, त्याचे २५०. भागा. एका किडनीवाल्याच्या पैशात ४१६ बाळं. आणि खाली प्रश्न, ‘यात न्याय्य काय?’ त्यावर धडाधड ‘विचार करायला लावणारं’ म्हणून अंगठे.

ताई, तुमच्या भागाकारात अंशस्थानी माझे वडील बसलेत.

वय ६३. मंगळवार-शुक्रवार. पहाटे पाचला घर सोडायचं तेव्हा कुठे सातच्या पाळीत नंबर लागतो. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी नसा जोडून केलेली जागा, त्या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नाही. दिवसाला लिटरभर पाणी, चहा-आमटी त्यातच धरायची. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि भिंतीकडे बघत विचारतात, “आज किती झालं?” भाजीतलं पोटॅशियम चालत नाही, म्हणून आई भाजी उकळून पाणी फेकते, मग फोडणी देते. बांधावर दोन नारळ लावलेत त्यांनी स्वतः. पण शहाळंही त्याचपायी बंद.

आता महात्मा फुले योजनेत चाललंय. पण आधी रेशनकार्डावर नावात एक ‘त’ कमी होता. आधारला दोन. त्या एका ‘त’साठी दोन महिने पदरचे पैसे घातले आणि एक म्हैस गेली. हे धरलंय का हिशेबात?

दोन गरीब तराजूत घालायचे आणि तराजू धरणाऱ्याला काही विचारायचं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के. आधी त्याचा भागाकार करा.

ओली_शाई
ती पोस्ट माझीच. अण्णांबद्दल वाचून वाईट वाटलं, हे औपचारिक म्हणून लिहीत नाही.

पण ‘तिजोरी मोठी करा’ हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. अडीचाचे पाच टक्के झाले तरी आधी कुणाला, हे ठरवावंच लागणार. आपण नाही ठरवलं तर जो काउंटरपर्यंत पोचतो त्याचं होतं. १९७१ मध्ये वेल्समधल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने हेच मांडलं होतं, की जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते. योजनेतली बरीचशी रुग्णालयं शहरांत आहेत. गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडच्या बाळंतिणीच्या बाजूने इथे कोण लिहिणार? तुम्ही अण्णांच्या बाजूने लिहिलंत, कारण तुम्हाला लिहिता येतं.

आणि ती बाळं हवेतली नाहीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आज आशाताई ज्या फेऱ्या मारतात त्या तिथूनच आल्या.

माणदेशी
‘लिहिता येतं’ हा गुन्हा झाला का आता? आणि सर्चचं नाव घेतलंत तर तेवढं तरी नीट घ्या. त्यांनी कुणाचं डायलिसिस बंद करून बाळं वाचवली नाहीत.

रात्रपाळी
सरकारी वॉर्डात अकरा वर्षं. दोघांनाही एकेक.

ताई, २५० हा आशाचा मोबदला आहे, बाळाचा खर्च नव्हे. तिचं प्रशिक्षण, वजनकाटा, वर देखरेख करणारी गटप्रवर्तक, आणि बाळ थंड पडलं तर ज्या वॉर्मरवर ठेवायचं तो, हे सगळं कुठे गेलं? ४१६ हा आकडा भाषणाला बरा आहे. प्रबंधात घातलात तर परीक्षक फाडून खातील.

माणदेशी, ‘कुणाचं बंद करून नाही’ हे मशीन रिकामं असेल तर खरं. आमच्याकडे नव्हतं. पाच मशीन, दोन बंद, आणि यादी माझ्या खिशात. कुणाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं ते मी ठरवत होतो. कुठलाही निकष नाही. जो जास्त ओरडतो तो आत.

बेरीजवाला
लंडनहून. इकडे नाइस नावाची संस्था १९९९ पासून हेच करते. औषधाने चांगल्या तब्येतीचं एक वर्ष मिळायला किती पौंड लागतात ते काढतात. वर्षानुवर्षं वीस ते तीस हजार ही रेघ होती. क्रूर वाटतं, पण रेघ उघड असते, त्यावर भांडता येतं. रात्रपाळींच्या खिशातल्या यादीवर कोण भांडणार?

शुद्धमती
थोडं अवांतर. मूळ पोस्टमध्ये ‘इक्विटी’ला ‘समता’ म्हटलंय. समता म्हणजे इक्वॅलिटी, सगळ्यांना सारखं. इथे ‘समन्याय’ हवा, ज्याला जशी गरज तसं. पीएचडी करणाऱ्यांनी तरी...

सडेतोड
शब्द सोडा. ताई, या भागाकाराला फेलोशिप किती मिळते ते सांगा. जेआरएफ ३७,००० ना? त्यात आशाताईच्या किती फेऱ्या होतात? मी सांगतो: महिन्याला १४८ बाळं. करा न्याय.

ओली_शाई
मला जेआरएफ नाही. बाकी तुमचा भागाकार बरोबर आहे.

पायवाट
सडेतोड, २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ यावरून जे रामायण झालं त्याचीच ही री. बार्टी, म्हणजे अनुसूचित जातींच्या संशोधकांना फेलोशिप देणारी सरकारी संस्था, तिच्या पोरांनी फेलोशिपसाठी आझाद मैदानात दिवस काढले तेव्हा कुठे होतात? गरिबाच्या पोराने संशोधन केलं की लगेच हिशेब मागायचा.

सडेतोड
मैदानात नव्हतो, कामावर होतो. माझ्या करातून जातं, विचारणार. भाच्याने सहा वर्षं ‘ग्रामीण आरोग्य’वर पीएचडी केली. पीएचसीत एकदा गेला, तेही फोटो काढायला.

पायवाट
तुमचा भाचा म्हणजे विद्यापीठ झालं का? मी पाच वर्षं घासतोय. हप्ता आठ-आठ महिने येत नाही, खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला येतं. गाइडच्या मुलीच्या लग्नात वाढपी होतो मी. हा खर्च कुठल्या हेडखाली दाखवू?

सडेतोड
जिलबी मिळाली ना?

पायवाट
लायकी दाखवलीत.

रात्रपाळी
अहो, धागा कशाचा आहे? लग्नाची पंगत दुसरीकडे मांडा.

माणदेशी
असू दे डॉक्टर. गाइडचं ऐकून जरा बरं वाटलं, तिथेही नंबर लावायला लागतो म्हणायचं.

बेरीजवाल्यांना: रेघ उघड असली की झालं? ती ओढली कुणी ते बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलला डायलिसिसची मशीन मोजकीच होती. सात जणांची समिती नेमली, नावं गुप्त. लग्न झालंय का, कमाई किती, चर्चला जातो का, हे बघून माणसं निवडायचे. अण्णा देवळात जात नाहीत. तिथे पहिल्याच मीटिंगला कटले असते.

ओली_शाई
सिएटल माझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे. तुम्ही माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलंत, याचा रागच आला.

आता कबुली. २५० बद्दल डॉक्टर बरोबर आहेत. आकडा लक्ष वेधायला टाकला होता, वेधलं गेलं, नको तसं. आणि जे लिहायला हवं होतं ते राहिलं. थायलंडमध्ये अभ्यासकांनी हाच हिशेब केला. डायलिसिस ‘परवडत नाही’ असंच उत्तर आलं. तरी २००८ मध्ये सरकारने ते सर्वांसाठीच्या योजनेत घेतलं, कारण त्यापायी घरंच्या घरं बसत होती. फक्त आधी पोटातून करायचं डायलिसिस द्यायचं ठरवलं. घरीच पिशवीतून द्राव पोटात सोडायचा, काढायचा. आठवड्याच्या दोन खेपा वाचतात.

माणदेशी
म्हणजे हिशेब नाही म्हणाला, तरी दिलं. मग हे काल का नाही लिहिलंत? ४१६ वर टाळ्या जास्त पडतात म्हणून?

ओली_शाई
हो. म्हणून.

रात्रपाळी
पोटातलं डायलिसिस ऐकायला छान आहे. हात धुवायला स्वच्छ पाणी, धूळ नसलेली खोली आणि महिन्याच्या द्रावाच्या पिशव्या ठेवायला जागा लागते. जंतुसंसर्ग झाला तर पोट दुखत परत माझ्याकडेच येतात. माणदेशात टँकरच्या पाण्यावर? बघा बुवा.

माणदेशी
पाणी मार्चपर्यंत असतं. पुढचं पुढे. पण निदान कुणी विचारलं तरी असतं की घरी जमेल का.

ओली_शाई
मी विचारायला येऊ का? प्रबंधात घरचा खर्च नावाचं प्रकरण आहे. त्यात म्हैस नाही, खरंच नाही. काकूंशी बोलायचं होतं.

माणदेशी
या. सोमवारी या, मंगळवारी घर रिकामं असतं. आईला ते ‘यात न्याय्य काय’ विचारू नका, गप्प बसेल. भाजीचं विचारा, तासभर थांबणार नाही. आणि काम झाल्यावर छापलेलं मराठीत पाठवा, इंग्रजीत कपाटात ठेवू नका.

शुद्धमती
‘समन्याय’ लिहा पण.

सडेतोड
प्रवासभत्ता कोण देणार?