मदत हवी आहे: अण्णांच्या रेसच्या पुस्तकातल्या खुणा आणि रविवारचं कार्ड

नमस्कार. रेस समजणाऱ्या मंडळींकडून मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही भैरोबा नाल्याजवळ राहतो, पुण्याच्या रेसकोर्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझे वडील, अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की शनिवारची रात्र त्यांची ठरलेली असायची. जेवण झालं की रेसचं पुस्तक, शिसपेन्सिल आणि मागच्या वर्षीच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि एकेक रेस आईला समजावून सांगायचे. आई भाजी निवडत ऐकायची. पैसे त्यांनी फार लावले नाहीत. टोटच्या (रेसकोर्सवरच्या अधिकृत पैजेच्या) खिडकीवर दहा-वीस रुपयांचं विनचं तिकीट, बस्स. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मात्र सकाळच्या डेक्कन क्वीननं महालक्ष्मीला डर्बी बघायला जायचे ते जायचेच.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत आणि वाचायला घेतलं तर अक्षरं लागत नाहीत. या सीझनपासून कार्ड (त्या दिवसाच्या रेसचा छापील तक्ता) मी वाचून दाखवते. पण मी नुसते आकडे वाचते. दुसऱ्या-तिसऱ्या रेसपर्यंत ते डोळे मिटून घेतात. त्यांना हवं असतं ते वेगळं: हा का येईल, तो का नाही येणार. तेच मला येत नाही. पैसे लावायचे नाहीत, टीप नको. विचार कसा करायचा ते शिकायचं आहे.

रविवारची एकच रेस उदाहरणादाखल घेते. १२०० मीटर, चौथा वर्ग, रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा अंक) २० ते ४६, अकरा घोडे. घोड्यांची नावं न देता नंबर देते.

७ नंबरने मागच्या महिन्यात याच अंतरावर ३ नंबरला दोन लेंथनी (लेंथ म्हणजे एका घोड्याएवढी लांबी) हरवलं होतं. तेव्हा ७ वर (जॉकी धरून) ५४ किलो वजन होतं, ३ वर ५५. आता ७ वर ५७.५ आहेत आणि ३ वर ५४. ९ नंबर तिसऱ्या वर्गातून खाली आलाय, रेटिंग ४४, वजन ६०, मागच्या तीन रेसमध्ये आठवा, सातवा, नववा. ५ नंबर ही फिली (तरुण घोडी) फक्त तीनदा धावली आहे, एकदाही जिंकलेली नाही, पण सरावाची वेळ तिचीच सगळ्यांत चांगली दिसते: ६०० मीटर ३६ सेकंदांत. ३ नंबरचे ६०० मीटर ४० सेकंदांत, पुढे लिहिलंय ‘सहज’. आता यातून कुणाबद्दल काय म्हणायचं?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अण्णांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक घोड्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरं आहेत: हा.हो., गे.उ., बा.फे., कों., चि.चा., चि.ना., पो. असं बरंच. आम्ही कधी विचारलं नाही आणि आता ते सांगू शकत नाहीत. कुणाला यातलं काही लागतं का?

प्रतिसाद – रेटिंग_आणि_वजन

ताई, आधी वजनाचं बघू, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. रेटिंग जास्त तेवढं घोड्यावर वजन जास्त; आपल्याकडे रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. ७ नंबर जिंकला म्हणून त्याचं रेटिंग सात अंकांनी वर गेलं, साडेतीन किलो वाढले. ३ हरला, दोन अंक खाली आला, एक किलो कमी झाला. मागच्या वेळी ३ वर ७ पेक्षा एक किलो जास्त होता, आता साडेतीन कमी आहेत. म्हणजे दोघांच्यात साडेचार किलोंचा फरक पडला.

लेंथ आणि किलो यांचा जुना हिशेब आहे. १००० मीटरला एक लेंथ म्हणजे साधारण १.४ किलो, १६०० ला जेमतेम ९०० ग्रॅम, १२०० ला यांच्या मधे. म्हणजे दोन लेंथची किंमत झाली सव्वादोन-अडीच किलो. फरक पडलाय साडेचारचा. कागदावर ३ नंबर पुढे यायला हवा. हे वाक्य अण्णांना जसंच्या तसं वाचून दाखवा, त्यांना आवडेल.

९ नंबरचं असं की चौथ्या वर्गाची हद्द ४६ पर्यंत आणि तिसऱ्याची ४० पासून ६६ पर्यंत. ४४ चा घोडा दोन्हीकडे बसतो. तिसऱ्यात तो जवळजवळ सगळ्यांत हलका धावतो आणि चौथ्यात जवळजवळ सगळ्यांत जड. ट्रेनर आता त्याला इथे आणतोय म्हणजे वजन चालेल पण सोपे प्रतिस्पर्धी हवेत असा विचार दिसतो. तिसऱ्या वर्गातला आठवा नंबर चौथ्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्याइतका असू शकतो. त्याला आकड्यांवरून काढून टाकू नका. मात्र तो किती लेंथनी मागे राहिला होता ते बघा. चार लेंथ आणि चौदा लेंथ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रतिसाद – साधा_वाचक

जुगाराच्या धाग्यांना इथे जागा असावी का? घरं बुडालेली पाहिली आहेत.

प्रतिसाद – रेटिंग_आणि_वजन

काळजी रास्त आहे, मीही पाहिली आहेत. पण ताईंनी पैसे लावायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. आणि घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. इथे त्या कौशल्याबद्दलच विचारलंय.

प्रतिसाद – पागेवाला

ताई, मी पागेत अकरा वर्षं काढली. आधी सरावाचं सांगतो, आम्ही त्याला ‘काम’ म्हणतो. कामाची नुसती वेळ वाचायची नाही, पुढचा शब्द वाचायचा. ६०० मीटर ३६ सेकंदांत ‘जोर लावून’ आणि ४० सेकंदांत ‘सहज’, यात मला दुसरं जास्त आवडेल, विशेषतः घोडा महिन्याभरापूर्वीच पळून फिट झालेला असेल तर. मग बघायचं, वर जॉकी होता की रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारा पोरगा), घोडा एकटा पळाला की जोडीनं, आणि जोडीला कोण होता. पहिल्या वर्गाच्या घोड्याबरोबर शेवटपर्यंत राहिलेली कोवळी फिली वेळेपेक्षा खूप काही सांगून जाते. ५ नंबरच्या कामात जोडीला कोण होतं ते शोधा.

आता खुणा. वाचताना अंगावर काटा आला, कारण रेस बघून आलेला माणूस हेच लिहितो. माझे अंदाज: हा.हो. म्हणजे ‘हातात होता’, जॉकीनं न हाकता जिंकला, अजून जोर शिल्लक होता. गे.उ. म्हणजे ‘गेटातून उशिरा’. बा.फे. ‘बाहेरून फेरा’, वळणावर सगळ्यांच्या बाहेरून गेला, म्हणजे इतरांपेक्षा जास्त अंतर पळाला. कों. म्हणजे ‘कोंडला’, पुढे वाट मिळाली नाही. असे घोडे निकालात पाचवे-सहावे दिसतात आणि पुढच्या वेळी येतात. पो. बहुधा पॅडॉकमधली (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथली) नोंद असावी, ‘पोट सुटलंय’, अजून फिट नाही. चि.चा. आणि चि.ना. माझ्या मते ‘चिखल चालतो’ आणि ‘चिखल नाही’. पुण्यात पावसाळ्यात रेस, त्यामुळे ही नोंद असणारच.

अण्णांना एकेक वाचून दाखवा. चूक असेल तर त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

मूळ धागाकर्ती – शनिवार रात्र

दोघांचेही मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सांगितलं, बरोबर असेल तर दाबा. ‘हातात होता’ म्हटल्याबरोबर हात दाबला. ‘गेटातून उशिरा’, दाबला. ‘कोंडला’ला दोनदा. ‘पोट सुटलंय’ला दाबला नाही, मान हलवली. मग मी बरंच काही म्हणून पाहिलं: पोरगा, पोचला, पोलादी नाल. शेवटी आईनं आतून विचारलं, “पोक्त?” आणि त्यांनी हात दाबला! आई म्हणाली, “वय झालेल्या, अनुभवी घोड्याला ते पोक्त म्हणायचे.” आईला इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं, मीच तिला विचारलं नव्हतं. पण तिलाही खुणा वाचता येत नाहीत, तिने फक्त ऐकलेलं.

मग गेल्या वर्षीची पुस्तकं काढली. ७ नंबरच्या नावापुढे तीन ठिकाणी चि.चा. आहे. ३ नंबरपुढे दोन ठिकाणी चि.ना., एके ठिकाणी खाली रेघ मारलेली. आणि आज दुपारपासून इथे पाऊस थांबलेला नाही. रेटिंग_आणि_वजन, तुमचा वजनाचा हिशेब मी पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला, डोळे मिटले नाहीत. मग ‘चिखल नाही’ म्हटलं तेव्हा त्यांनी ३ नंबरवरचं माझं बोट बाजूला सारलं.

प्रतिसाद – पागेवाला

अण्णा बरोबर आहेत. सकाळी पेनेट्रोमीटरचं (जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग जाहीर होतं, ते बघा. आकडा जेवढा मोठा तेवढी जमीन मऊ. मागच्या महिन्यातली ती रेस कोरड्या मैदानावर झाली असेल तर वजनाचा हिशेब त्या मैदानापुरताच खरा. आणखी एक, फॉल्स रेल (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) किती मीटर बाहेर लावली आहे तेही कार्डाबरोबर छापतात. आतली झिजलेली पट्टी राखण्यासाठी ती लावतात, त्यामुळे रेलिंगलगत ताजं गवत मिळतं. अशा दिवशी पुढे पळणारा आणि आतला ड्रॉ (गेटातली जागा) मिळालेला घोडा मी वर धरतो. ७ चा ड्रॉ काय आहे?

मूळ धागाकर्ती

७ चा ड्रॉ २. पुढे पळणारा आहे की नाही ते मला समजत नाही, पण जुन्या पुस्तकात एका ठिकाणी ‘पु.’ लिहिलंय. ५ नंबरच्या कामात जोडीला दुसऱ्या वर्गातला घोडा होता आणि दोघं बरोबरीनं संपले असं छापलंय. हेही उद्या सकाळी वाचून दाखवते.

मूळ धागाकर्ती – रविवार रात्र

निकाल लिहिते. ५ नंबर जिंकली. ७ दुसरा, फक्त एका नेकनं (घोड्याच्या मानेएवढ्या अंतरानं) मागे. ९ चौथा. ३ नंबर आठवा आला, वळण संपल्यावर त्याचे पाय जमिनीत रुतल्यासारखे दिसत होते.

आम्ही मोबाइलवर बघितली. अण्णांचं बोट सकाळपासून ७ वरच होतं, पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती फिली बाहेरून आली तेव्हा ते उशीवरून पुढे झुकले. हरल्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. रेस संपल्यावर डाव्या हातानं काहीतरी मागायला लागले. पाणी दिलं, नको. चष्मा, नको. आईनं शिसपेन्सिल दिली. मी पुस्तक धरलं आणि त्यांनी डाव्या हातानं, खूप वेळ घेऊन, ५ नंबरच्या नावापुढे एक खूण केली. दिवाळीनंतर त्यांनी काही लिहिलं ते हे पहिलं.

अक्षर नाही. एक आडवी रेघ आहे, उजवीकडे किंचित वर गेलेली, आणि तिच्या टोकाशी एक टिंब. जुनी सगळी पुस्तकं चाळली, अशी खूण कुठेच नाही. ‘शेवटी आली’, ‘बाहेरून’, ‘हातात’, सगळं म्हणून पाहिलं, हात दाबला नाही. आईलाही माहीत नाही. पागेवाला, रेटिंग_आणि_वजन, आणि इतर कुणीही: शेवटच्या टप्प्यात अशी येऊन जिंकणाऱ्या कोवळ्या फिलीबद्दल जुनी रेसवाली माणसं काय म्हणत असत? सुचतील ते शब्द लिहा, चुकीचे असले तरी चालतील. मी एकेक वाचून दाखवीन.