अनुभव धागा : मांजराचं पिलू शी-शूचा ट्रे सोडून भलतीकडंच शू करतंय. तुमच्यात काय झालं?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एक वाकळ कायम दोरीवर आहे. श्रावणातला पाऊस, उन्हाचा पत्ता नाही, आणि वाकळ वाळते न वाळते तोवर भडंग पुन्हा तिच्यावर शू करून मोकळा.

भडंग म्हणजे आमचा बोका. बोका कसला, साडेतीन महिन्यांचं पिलू. जूनच्या शेवटी मिरजकर तिकटीला एका बंद दुकानाच्या पायरीखाली भिजून कुडकुडत बसलेलं सापडलं. घमेल्यात बारीक वाळू घालून गॅलरीत ठेवलं, तर पहिल्याच दिवशी शहाण्यासारखा जाऊन, उकरून, झाकून आला. महिनाभर छान चाललं. मग एका रात्री अंथरूण घालायला गेले आणि हाताला ओलं लागलं. तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड हेच. बाकीच्या वेळी घमेल्यात जातो, म्हणजे त्याला कळतंय सगळं. डॉक्टरांनी लघवी तपासली, काही दोष नाही.

सासूबाई म्हणतात, त्याचं नाक घासा तिथं. मी नाही घासलं. घासून त्याला एवढंच कळणार की ही बाई वेडी आहे. शू कुठं करायची ते कसं कळणार?

तर मंडळी, उपदेश नको, घरात घडलेलं लिहा. पिलाचं वय, नर की भाटी, कुठं करत होतं, काय केलंत, किती दिवसांनी फरक पडला. फसलेले उपाय तर आवर्जून लिहा. आणि "सोडून या की पंचगंगेपलीकडं" हे कुणी लिहू नका, ते मी रोज ऐकते.

शिवाजी पेठेतून, आजी

आमच्या वाड्यात पाच-सहा मांजरं असायची. त्यांची शी-शू कुठं होते हे आम्ही कधी बघितलंच नाही. मागं परडं होतं, तिथं जायची. पावसाळ्यात चुलीतली राख घमेल्यात घालून न्हाणीपाशी ठेवली की झालं. आता लेकाबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहते. नातीनं पिलू आणलं ते माझ्या तुळशीच्या आणि गवती चहाच्या कुंडीत बसायला लागलं. नात म्हणाली ट्रे आवडत नाही. मी म्हटलं, अगं ते रस्त्यावरचं पिलू, त्याच्या पायाला माती माहीत आहे, तुझे ते दुकानातले दाणे नाहीत. ट्रेमध्ये अर्धी कुंडीतलीच माती घातली आणि कुंड्यांवर मोठे दगड मांडले. रोज मूठभर माती कमी, मूठभर दाणे जास्त. तीन आठवड्यांत माती संपली आणि पिलाला पत्ता लागला नाही. गवती चहा मात्र टाकून दिला.

उद्यमनगरातून, फौंड्रीवाला

आपला उपाय फसलेलाच आहे, पण लिहितो.

मी शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. आमच्यात साच्याची वाळू बांधून राहावी म्हणून तिच्यात बेंटोनाईट, म्हणजे एक चिकणमाती, घालतात. पोरीनं लिटरची, म्हणजे मांजराच्या ट्रेत घालायच्या दाण्यांची, पिशवी आणली, तिच्यावर बगतो तर बेंटोनाईटच! म्हटलं, हे तर आपलं रोजचं. त्याला एवढे पैसे कशाला मोजायचे? मालकाला विचारून अर्धं पोतं तयार वाळू घरी आणली. पिलू बी खूश, पटापट जाऊन यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची हाक. सगळ्या पांढऱ्या फरशीवर, ओट्यावर, फ्रिजवर, देवघराच्या पायरीवर काळी पावलं. साच्याच्या वाळूत दगडी कोळशाची पूड असते. वीस वर्षं हेच काम करतोय, पण त्या दिवशी डोस्क्यातच आलं नाही बगा. वर पिलू शिंकायला लागलं. ती धूळ माणसाला वाईट, मग एवढ्याशा जिवाचं काय होत असंल? पोतं परत.

आता मुद्द्याचं. आधी ते ट्रेमध्ये का जात न्हवतं? पोरीनं आणलेलं लिटर लॅव्हेंडर वासाचं होतं. आपल्याला सुवास, त्याच्या नाकाला अत्तराची बाटली फुटल्यागत. बिनवासाचं, बारीक दाण्याचं आणलं, दोन बोटं जाड थर, सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे. चार दिवसांत सरळ झालं. एक ध्यानात ठेवा, दोन महिन्यांच्या आतल्या पिलाला गोळा होणारं लिटर घालू नका. ती पिलं कायबी तोंडात घालतात आणि हे पाण्यानं फुगतं. पोटात फुगलं तर काय? तोवर कागदाचे कपटे नाहीतर लाकडाच्या गोळ्या बऱ्या.

*(देवघराच्या पायरीवरची पावलं वाचून सासूबाईसुद्धा हसल्या. गेल्या तीन आठवड्यांत प्रथमच.)*

राजारामपुरीतून

आमची भाटी चार महिन्यांची, सोफ्याच्या मागं एकाच कोपऱ्यात करायची. आईनं कोपरा काळ्या फिनेलनं पुसला. रोज पुसायची, अगदी मन लावून. पाचव्या दिवशी भाटी लाळ गाळायला लागली, खाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो फरशी कशानं पुसता. फिनेलमधले पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि मांजर पाय चाटतं, त्यामुळं फरशीवरचं सगळं पोटात. नशीब लवकर नेलं. ब्लीचही नको म्हणाले, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

वासाचं गणितही तेव्हाच कळलं. लघवीतल्या यूरिक ॲसिडचे खडे पाण्यानं, साबणानं जात नाहीत. वाळलं की आपल्याला वाटतं गेला वास. हवा दमट झाली की तोच वास परत वर येतो, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा दमट नसते कधी? आपल्या नाकाला नाही आला तरी तिला येतो, आणि तिच्या लेखी ती जागा संडासच राहते. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते चांगलं भिजेपर्यंत ओतून आपोआप वाळू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. दोनदा केलं. मग त्याच कोपऱ्यात तिची जेवणाची वाटी ठेवली. जेवते तिथं मांजर सहसा घाण करत नाही.

लक्ष्मीपुरीतून, दुकानदार

वरच्या ताईंना जोड. डाग नेमका कुठं आहे हेच आम्हाला सापडत नव्हतं, घरभर वास. शेवटी दुकानातला नोटा तपासायचा निळा दिवा घरी नेला. रात्री सगळे लाईट बंद करून फिरवला. मांजराची लघवी त्या उजेडात चमकते. एक जागा शोधत होतो, सात निघाल्या. त्यातली एक माझ्या चपलांच्या रॅकमध्ये. बायको म्हणाली, बघा, चपला दारातच जागच्या जागी ठेवा म्हणून किती वर्षं सांगतेय.

कसबा बावड्यातून

हे जरा लांबेल, पण वाचा.

आमचा गब्बर अकरा महिन्यांचा. एका रविवारी दुपारी न्हाणीच्या फरशीवर शूचे दोन-तीन थेंब दिसले. मी चिडून पुसले. तासाभरानं सिंकमध्ये थेंब. मग ट्रेमध्ये जाऊन बसला, कुंथला, बारीक ओरडला, बाहेर आला, पुन्हा गेला. मला वाटलं बद्धकोष्ठ. शेजारच्या काकूंनी एरंडेल सुचवलं, भावानं फोनवर सांगितलं की दुखत असेल तर तापाची अर्धी गोळी दे. देवाची कृपा की दिली नाही. पॅरासिटामॉल मांजराला मारतं, ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी तो सारखा मागं वळून चाटत होता आणि चाटलेल्या जागी लालसर दिसलं. ओळखीच्या एकानं सांगितलं, सकाळी बघू. मी थांबलो नाही, का थांबलो नाही ते सांगता येणार नाही. रात्री साडेनऊला एक डॉक्टर भेटले. त्यांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, बघा हात लावून. मूत्राशय लिंबाएवढं, दगडासारखं घट्ट. लघवी तुंबलेली. बोक्याची नळी अरुंद, ती खड्यांनी किंवा चिकट बुचानं बंद होते, आणि मग रक्तात पोटॅशियम वाढून हृदयच थांबतं. एक-दोन दिवसांत खेळ खल्लास. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन.

म्हणून माझं एवढंच, की बोका पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय आणि काहीच येत नाही किंवा थेंबच येतोय, तर ती खोड समजू नका. लिटर बदलणं, ट्रे हलवणं वगैरे नंतर. त्याच रात्री न्या. भाटीत हे तुंबणं क्वचित होतं, पण रक्त दिसलं तर तिलाही न्या. गब्बर आता ओलं खाणं खातो, घरात चार ठिकाणी पाणी ठेवलंय. मी अजून रोज रात्री ट्रेमधले गोळे मोजतो. बायको हसते, हसू दे.

फुलेवाडीतून

आमचं प्रकरण सोपं निघालं. सात महिन्यांचा बोका, दाराच्या चौकटीला पाठ करून, शेपूट ताठ आणि थरथरती, उभ्या उभ्या फवारा. ती शू नव्हे, हद्द आखणं. खिडकीबाहेर गल्लीतला दांडगा बोका येऊन बसायचा. नसबंदी केली, खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावला, दीड महिन्यात थांबलं. सहा महिन्यांच्या आतच केली असती तर चौकटीचा रंग वाचला असता.

शाहूपुरी, कुंभार गल्लीतून

पुराची मांजरं वेगळी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आम्ही "बघू, उतरेल" म्हणत बसलो आणि कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडलो. २०२१ च्या जुलैत आकडा वाढायला लागल्याबरोबर पाच महिन्यांची चिमी पिशवीत घालून आर. के. नगरला बहिणीकडं. बहिणीचं घर मोठं, दोन मुलं, पाहुणे, आणि चिमी पहिल्या रात्री कुठं बसली असेल? रेशनकार्ड, आधार, घराचे कागद ठेवलेल्या पिशवीवर! पुरातनं वाचवलेले कागद मांजरानं भिजवले.

मी रडलो. (आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा रडलो म्हणतात, कुणी चूक काढू नका.) मग बहिणीची मुलगी म्हणाली, मावशी, त्या पिशवीलाच फक्त तुमच्या घराचा वास आहे. बरोबर होतं पोरीचं. एका छोट्या खोलीत तिला कोंडलं, म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे, माझी जुनी साडी, पाणी, खाणं आणि दुसऱ्या टोकाला ट्रे. नवं लिटर आणलं होतं, पण तिनं एकदा वापरलेलं मूठभर वर पसरलं. दोन दिवसांत ठीक. आता पावसाळ्याच्या पिशवीत औषधं, टॉर्च आणि डबीभर वापरलेलं लिटर असतं. घरचे नाकं मुरडतात.

ताराबाई पार्कातून

आमच्यात दोन भावंडं, तांबडा आणि पांढरा. तांबडा ट्रेमध्ये, पांढरा गादीवर. सगळे म्हणायचे पांढरा आळशी. मी सुट्टीच्या दिवशी नुसती बसून बघितलं. पांढरा ट्रेकडं निघाला की तांबडा पॅसेजमध्ये आडवा पडायचा. मारामारी नाही, गुरगुर नाही, नुसता रस्ता अडवून बघत राहायचा. पांढरा परत फिरायचा. आणि ट्रेला झाकण, म्हणजे आत गेला की कोंडीच. झाकण काढलं, दोन मांजरांना तीन ट्रे केले. पहिल्यांदा तिन्ही ओळीनं शेजारी ठेवले, काही उपयोग नाही. मांजराला ते एकच मोठं ठिकाण वाटतं. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले तेव्हा गादी सुटली.

आणि धागा काढणाऱ्या ताई, तुम्ही जागा सांगितली, पण वेळ नाही सांगितली. शू कधी करतो?

मंगळवार पेठेतून, मीच

वेळ! हे मी बघितलंच नव्हतं. बरं, आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी वाकळ धुतल्याच्याही खुणा आहेत, पण त्या दुसऱ्या दिवशीच्या. मग घरातल्या सगळ्यांना विचारलं, ओलं कुणाला कधी सापडलं. दर वेळी रात्री, अंथरूण घालताना. म्हणजे संध्याकाळी सात ते दहाच्या मधलं.

संध्याकाळी सातला आमच्या गल्लीत काय सुरू होतं? ढोल. गणपती तोंडावर आलेत, तालमीची पोरं गॅलरीच्या बरोबर खाली सराव करतात. आम्हाला इतकी सवय की ऐकूसुद्धा येत नाही. घमेलं गॅलरीत. एवढंसं पिलू, एवढीशी त्याची पिशवी, तीन तास कसा दाबून धरणार? जातोय तर बाहेर ढोल, मग घरातली सगळ्यांत मऊ जागा. रविवारी ढोल नव्हता. आणि सोमवारी वाकळ धुतल्याची एकही खूण नाही.

त्याच रात्री दुसरं घमेलं आतल्या खोलीत, कपाटाशेजारी. वाकळ एन्झाइमच्या पाण्यात बुडवली. आज अकरावा दिवस. गॅलरीतलं घमेलं दिवसा, कपाटाशेजारचं रात्री, अशी त्यानं आपली आपण वाटणी केली आहे.

तालमीतला एक पोरगा शेजारचाच, त्याला सहज हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौघं जण जिना चढून वर, भडंगला बघायला. सराव काही हलवला नाही त्यांनी, ते मी मागितलंही नव्हतं. जाताना एक जण म्हणाला, "काकू, मिरवणुकीदिवशी मात्र त्याला आतल्या खोलीत घ्या, आणि खिडकी लावा बरं का."

वाकळ अजून दमटच आहे.