फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा): ग्रेड कोणता, ग्लाइड पुढे की मागे?

फिजिओ, चोपडा
कापूस वेचणाऱ्या मावशी, वय ५२, शुगर आहे. एक्स-रे साफ. डावं कोपर अंगाला लावून हात बाहेर जेमतेम १० अंश वळतो. आपण वळवला तरी तेवढाच. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. सरळ ग्रेड ४ द्यावा का (सांधा हाताने हलवण्याच्या १ ते ४ पायऱ्यांतली जोराची)? आणि ग्लाइड, म्हणजे सांध्यात हाड हाताने सरकवणं, कुठल्या दिशेने?

तापीकाठ, भुसावळ
ताई, ग्रेड ४ आत्ता नकोच. हात वळवताना आधी दुखणं येतं की आधी अडतं, ते बघा. आधी दुखत असेल तर मेटलंड पद्धतीचे हलके ग्रेड १-२: अडण्याच्या बऱ्याच अलीकडे, सेकंदाला २-३ झोके, ३० सेकंद, असे ३-४ वेळा. अडतं आधी आणि दुखतं नंतर, असं झालं की मग ३-४. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका राहिला तर डोस जास्त झाला समजा.

गिरणा, चाळीसगाव
दिशेबद्दल. गोल-खोलगट नियमाने (खोबणीतलं गोल हाड हात जातो त्याच्या उलट सरकतं) हात बाहेर वळायला ग्लाइड पुढे द्यायचा, असं सगळे शिकतो. पण २००७ मध्ये फ्रोझन शोल्डरवर दोन्ही दिशा ताणून पाहिल्या, तेव्हा मागे सरकवलेल्यांचा कोन सरासरी ३१ अंशांनी वाढला, पुढे सरकवलेल्यांचा फक्त ३. पेशंट मोजकेच होते, तरी मी मागेच देते.

उताणं झोपवा, खवाट्याखाली घडी केलेला टॉवेल, हात अंगापासून थोडा लांब. तळहाताची टाच ॲक्रोमिअनच्या (खांद्याच्या टोकाचं हाड) कडेखाली, हाडाच्या गोळ्यावर. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार मागे आणि किंचित बाहेर द्या, कारण खोबणीचं तोंड तिरपं, पुढे-बाहेर असतं. तुमचा हात आत सरकला की कोरॅकॉइड (खवाट्याचं पुढे आलेलं टोक) दाबला जातो. तिथे निरोगी माणूसही कळवळतो, आणि पेशंट खांदा आवळून धरतो. मग ग्लाइड होतच नाही, नुसता खवाटा हलतो. खवाटा हलू नये म्हणून टॉवेल टाळू नका.

पांझरा, धुळे
दोन गोष्टी राहिल्या. शुगरवाल्यांच्या कातडीला चटका कळेलच असं नाही. शेकायच्या आधी गरम-गार ओळखतात का ते तपासा. आणि स्टिरॉइड बरेच दिवस चालू आहे का, हाडं ठिसूळ आहेत का, हेही विचारा; असतील तर जोराचे ग्रेड नकोत. ग्लाइडनंतर लगेच गोनिओमीटर (कोन मोजायची पट्टी) लावा आणि मिळालेल्या कोनात काठीने हात बाहेर वळवायला लावा, १० वेळा. हेच घरी दिवसातून दोन-तीनदा. वेचणीला मावशींनी सध्या ओझं डाव्या खांद्यावर घेऊ नये.