भाचीसाठी कादंबरी सुचवा, उदासी आणि अपराधीपणावरची

वडोदऱ्याहून लिहितेय. भाची अकरावीत आहे, तिची मैत्रीण अपघातात गेली आणि आदल्या दिवशीच दोघींचं भांडण झालेलं, तेव्हापासून माझ्यामुळेच झालं हेच धरून बसलीये. नऊ रात्री गरब्यातून हलायची नाही ती पोरगी, यंदा चणियाचोळी कपाटातून काढलीसुद्धा नाही. लेक्चर न देणारं पुस्तक हवंय, मराठी-इंग्रजी कुठलंही.

– ताई, 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' बघा, 1999 चं. पूर्ण पत्रांमध्ये आहे. चार्लीची मावशी त्याच्या वाढदिवसाचं गिफ्ट आणायला जाते आणि अपघातात वारते, ते तो मनात धरून असतो. पण लैंगिक अत्याचाराचा पण भाग आहे त्यात, आधी तुम्ही वाचा मगच द्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा.

– पुस्तक द्याच, पण झोप-जेवण दोन आठवड्यांच्यावर बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा हो, थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फ्री आहे, चोवीस तास. आणि 'विसर आता' असं कोणी म्हणू नका तिला, भांडणाबद्दल बोलायला लागली तर पूर्ण बोलू द्या.

– थँक्यू दोघांना. माझ्या ताईशी आजच बोलते, डॉक्टरांचं आधी.